ही ग्रंथी कुणाची? एकाच जागी लिम्फोमा आणि दुसरा कर्करोग सापडला तर

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त एसटी चालकांची केस माझ्याकडे आली. मोठ्या आतड्यात कर्करोग होता, शौचावाटे रक्त जात होतं. सीटी स्कॅनमध्ये महाधमनीच्या कडेने, काखेत, जांघेत अशा बऱ्याच सुजलेल्या ग्रंथी दिसत होत्या. रोग सगळीकडे पसरलाय, आता ऑपरेशनला अर्थ नाही, असं घरच्यांना सांगून झालं होतं. एका सर्जनना मात्र काखेतली ग्रंथी खटकली. आतड्याचा कर्करोग काखेत सहसा जात नाही. त्यांनी ती ग्रंथी काढून तपासायला पाठवली. स्लाइडवर आतड्याच्या कर्करोगाची एकही पेशी नव्हती. होता तो लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) कर्करोग; त्यातला सावकाश वाढणारा, स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा. काकांचं ऑपरेशन झालं. काढलेल्या आतड्यालगतच्या एका ग्रंथीत तर दोन्ही रोग भाऊबंदांसारखे एकाच घरात राहत होते. अर्धी ग्रंथी याची, अर्धी त्याची.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. औषधं लिहून देत नाही, तुकडे बघतो. त्यामुळे या लेखात डोस सापडणार नाहीत; एका बेरजेपुरते आकडे तेवढे येतील. ‘एक सोडून दोन निघाले’ असं सांगणारा रिपोर्ट हातात पडल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं, कुठे थांबून विचारायचं, एवढंच इथे आहे.

आधी शब्द लावून घ्या

मराठीत ‘गाठ’ हा शब्द फार राबतो. कर्करोगाचा गोळा तोही गाठ, आणि मानेत, काखेत सुजणारी लसिका ग्रंथी तीही गाठच. घरच्यांचा निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो. या लेखापुरतं असं धरू: अवयवात वाढलेला गोळा म्हणजे गाठ, आणि लिम्फ नोड म्हणजे ग्रंथी.

एकाच अवयवात दोन रोग असतात तेव्हा रिपोर्टात ‘कोलिजन (collision, म्हणजे टक्कर) ट्यूमर’ असं येऊ शकतं. दोन वेगळ्या गाठी वाढत वाढत एकमेकींना भिडल्या, पण बांध शाबूत आहे, असा त्याचा अर्थ. ‘कॉम्पोझिट’ असेल तर दोन्ही पेशी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. ‘सिंक्रोनस’ म्हणजे एकाच सुमाराला सापडलेले. साधारणपणे सहा महिन्यांच्या आतले तसे मानतात. त्यानंतर दुसरा सापडला तर ‘मेटाक्रोनस’.

दोन स्वतंत्र कर्करोग म्हणायचे तरी कधी? वॉरेन आणि गेट्स यांनी 1932 मध्ये घातलेल्या तीन अटी आजही पायाशी आहेत: दोन्ही कर्करोगच असले पाहिजेत, दोन्हींचं रूप वेगळं असलं पाहिजे, आणि एक दुसऱ्याचा पसरलेला भाग असता कामा नये. तिसरी अट घासूनपुसून तपासली गेली का, हे बघणं घरच्यांच्या हातात असतं. कसं ते पुढे येईल.

पहिली पायरी: दुसरा रोग खरंच आहे का?

दोन नावं वाचली की लोक थेट उपचारांकडे धावतात. थांबा. आधी निदान पक्कं करून घ्या, कारण इथे दोन्ही बाजूंनी फसगत होते.

कर्करोगाभोवती शरीराच्या लसिका पेशी गर्दी करतात. तो बंदोबस्त असतो, रोग नसतो. पण ही गर्दी दाट असली आणि तुकडा लहान असला, तर ती लिम्फोमासारखी दिसू शकते. जठरात तर एपस्टाइन-बार विषाणूशी निगडित असा एक कर्करोग होतो, ज्यात लसिका पेशी इतक्या ठासून भरलेल्या असतात की मूळ कर्करोगाच्या पेशी शोधाव्या लागतात. याच्या उलटही घडतं. बेशिस्त वाढलेला कार्सिनोमा (अवयवाच्या अस्तरातून होणारा कर्करोग) आणि आक्रमक लिम्फोमा स्लाइडच्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात जुळ्या भावांसारखे दिसतात.

म्हणून मार्कर लागतात, म्हणजे पेशीची जात सांगणारी प्रथिनं रंगवून बघावी लागतात. लॅबवाले या तपासणीला आयएचसी म्हणतात. रिपोर्टात ही यादी आहे का बघा. सायटोकेरॅटिन पॉझिटिव्ह म्हणजे ती पेशी अस्तराची, कार्सिनोमाची. एलसीए म्हणजे सीडी४५ पॉझिटिव्ह म्हणजे लसिका पेशी. लसिका पेशींच्या दोन मुख्य जाती: सीडी२० असेल तर बी पेशी, सीडी३ असेल तर टी पेशी. स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमात सीडी२० बरोबर सीडी५ आणि सीडी२३ रंगतात. सीडी५ आहे पण सायक्लिन डी१ सुद्धा रंगला, तर तो मँटल सेल लिम्फोमा. नाव बदललं की उपचार बदलतो. केआय-६७ हा आकडा पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगतो. तो दोन्ही रोगांसाठी वेगवेगळा दिलेला असायला हवा. एकच आकडा असेल तर विचारा, हा कुणाचा?

तरीही शंका राहिली तर लसिका पेशी एकाच बीजातून वाढल्यात का, हे तपासता येतं. बंदोबस्तातल्या पेशी सरमिसळ असतात. लिम्फोमाच्या पेशी एकाच मुशीतल्या असतात. कप्पा-लॅम्डा तपासणी किंवा जनुकांची क्लोनॅलिटी तपासणी यासाठीच असते. प्रत्येकाला ती लागत नाही. पण ‘लिम्फोमाची शक्यता’ अशा मोघम शब्दांवर किमो सुरू होणार असेल, तर आधी ही तपासणी मागा.

दुसरी पायरी: तुकडा नीट काढला जातोय ना

बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीवर, म्हणजे एफएनएसीवर, लिम्फोमाचं पूर्ण निदान करू नये. कार्सिनोमा आहे एवढं ती बऱ्याचदा सांगते. पण लिम्फोमाची जात ओळखायला पेशींची मांडणी दिसावी लागते. शक्य असेल तर अख्खी ग्रंथी काढावी. ते जमत नसेल तर जाड सुईचे पुरेसे तुकडे. जठरात दुर्बीण घालून व्रणाचे तुकडे घेताना एक-दोनांवर भागवू नये. व्रणाच्या कडेचे वेगवेगळ्या बाजूंचे सहा-आठ तुकडे असावेत. एका कडेला कार्सिनोमा आणि दुसऱ्या कडेला लिम्फोमा असं मी पाहिलंय. एकच तुकडा घेतला असता तर एकच रोग कळला असता.

आता डबीचा प्रश्न. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण आम्ही सगळ्यात जास्त रडतो तो यावरच. नेहमीच्या तपासणीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये लागतो, आणि फॉर्मालिन तुकड्याच्या दहापट तरी हवं. लहान गावातल्या नर्सिंग होममधून अरुंद तोंडाच्या औषधाच्या बाटलीत कोंबलेला तुकडा येतो, बाहेरून कडक आणि आतून कुजलेला. फ्लो सायटोमेट्री (यंत्रातून एकेक पेशी मोजून तिची जात ओळखणं) करायची असेल तर मात्र ताज्या पेशी लागतात. त्या फॉर्मालिनमध्ये घातल्या की ती तपासणी गेलीच. टीबीची शंका असेल तर जीन एक्सपर्ट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी) एक भाग सलाइनमध्ये वेगळा ठेवावा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना एवढंच विचारा: ‘डॉक्टर, तुकडा दोन डब्यांत पाठवणार आहात का?’ ते चिडणार नाहीत. चिडलेच तर एका दिवसाची चिडचिड सोसा. तुकडा दुसऱ्यांदा काढण्यापेक्षा ते परवडतं.

आणखी दोन इशारे. तुकडा काढण्याआधी स्टेरॉइड सुरू करू नये, अगदी जीवावर बेतलं नसेल तर. प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी लिम्फोमा विरघळल्यासारखा होतो आणि स्लाइडवर नुसत्या मेलेल्या पेशी उरतात. आणि आपल्याकडे मानेतली ग्रंथी सुजली की ‘टीबीच असणार’ म्हणून तपासणीविनाच एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते. त्यात महिने जातात.

तिसरी पायरी: ब्लॉक हातात घ्या

तुकड्याचा जो भाग मेणात बसवून जपतात त्याला ब्लॉक म्हणतात. रिपोर्ट हे आमचं मत. ब्लॉक हा पुरावा. दोन रोगांचं निदान असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टची नजर पडलीच पाहिजे, आणि शक्यतो लिम्फोमा रोज बघणाऱ्याची. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 पासून आहे. तिथे किंवा कुठल्याही मोठ्या कर्करोग केंद्रात गेलात तर पहिल्यांदा स्लाइड आणि ब्लॉकच मागतील.

मूळ लॅबमध्ये लेखी अर्ज द्या आणि ब्लॉक घेताना त्यावरचा नंबर रिपोर्टातल्या नंबराशी ताडून बघा. एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील तर सगळे घ्या. लिम्फोमा एका ब्लॉकमध्ये आणि कार्सिनोमा दुसऱ्यात असू शकतो, आणि नेमका एकच नेला तर नवी लॅब प्रामाणिकपणे लिहील की दुसरा रोग दिसत नाही. मग घरात आनंदीआनंद, आणि सगळा घोळ. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडून येत असाल तर ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ते मेण आहे. स्लाइडची डबी हातातल्या पिशवीत ठेवा, बसच्या डिकीत नको.

चौथी पायरी: प्रत्येक ग्रंथीला विचारा, तू कुणाची?

मला काही एक सांगायचं असेल तर ते हेच. दोन रोग असले की स्टेजही दोन असतात. कार्सिनोमाची स्टेज टीएनएम पद्धतीने ठरते: गाठ किती खोल, किती ग्रंथी, दूर गेलाय का. लिम्फोमाची लुगानो पद्धतीने. लिम्फोमा अनेक ग्रंथींमध्ये असला तरी त्यावर अनेकदा चांगले उपचार असतात. त्याची ‘चौथी स्टेज’ आणि जठराच्या कर्करोगाची चौथी स्टेज या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॅनला हे कळत नाही. त्याला फक्त सूज दिसते.

पेट स्कॅनने, म्हणजे जास्त साखर खाणाऱ्या पेशी उजळून दाखवणाऱ्या स्कॅनने, थोडी मदत होते. आक्रमक लिम्फोमा झगझगीत दिसतो, सावकाश वाढणारा मंद. त्यामुळे काही ग्रंथी मंद आणि एक-दोनच प्रखर असतील तर तिथे वेगळा रोग असण्याची शंका घ्यावी. पण जठराच्या सिग्नेट रिंग प्रकारच्या कार्सिनोमालाही पेटवर फारसा उजेड नसतो, आणि टीबीची ग्रंथी मात्र दिवाळीसारखी उजळते. रंगावरून जात ठरवू नका.

प्रत्येक ग्रंथी काढता येत नाही, हे खरं. मग निवड कशी करायची? जी ग्रंथी उपचाराचा निर्णय फिरवू शकते ती काढायची. जठराच्या कर्करोगात पोटाबाहेरची, म्हणजे मानेतली किंवा काखेतली ग्रंथी सुजलेली असेल आणि तिच्यामुळे ऑपरेशन नाकारलं जात असेल, तर तीच. ऑन्कॉलॉजिस्टना (कर्करोगतज्ज्ञांना) असं विचारा: ‘ही ग्रंथी कार्सिनोमाची नसून लिम्फोमाची निघाली तर तुमचा बेत बदलेल का?’ उत्तर हो असेल तर तुकडा हवाच. नाही असेल तर उगीच माणसाला भोसकू नका.

हाच प्रकार स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढताना आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये ओटीपोटातल्या ग्रंथी काढताना समोर येतो. शोधत असतो कार्सिनोमा, आणि ग्रंथीत बसलेला असतो कुणाला माहीत नसलेला लिम्फोमा. थायरॉइडमध्ये हाशिमोटोची जुनी सूज (शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटल्याने येणारी) असेल तर पॅपिलरी कार्सिनोमाशेजारी लिम्फोमा सापडू शकतो.

जठराची गोष्ट वेगळी आहे

जठरात हे दोघं एकत्र येण्यामागे बऱ्याचदा एकच धनी असतो: हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी 1982 मध्ये हा जिवाणू वाढवून दाखवला. पुढे मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला, आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये त्याला कर्करोग घडवणारा म्हणून पहिल्या गटात टाकलं. वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या सुजेमुळे अस्तराच्या पेशी बिघडून कार्सिनोमा होतो आणि जमलेल्या बी पेशी बेलगाम होऊन माल्ट लिम्फोमा होतो. आग एकच, जळतात दोन घरं.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. जिवाणू घालवला की जठरापुरता असलेला माल्ट लिम्फोमा बहुतेकांत नुसत्या अँटिबायोटिकने मागे हटतो. 1993 मध्ये हे पहिल्यांदा प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना ते खरं वाटेना. त्याला वेळ लागतो, कधी वर्षसुद्धा. ११ आणि १८ या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असेल तर मात्र अँटिबायोटिकने सहसा भागत नाही. म्हणून ती तपासणी विचारावी. कार्सिनोमावर या गोळ्यांचा काही परिणाम होत नाही. ‘गोळ्यांनी कॅन्सर गेला’ असं शेजारच्या कुणाचं ऐकून ऑपरेशन पुढे ढकललं जातं, ते इथे घातक ठरतं.

गोळ्या संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जिवाणू गेला का ते तपासतात. श्वासाची तपासणी असेल तर पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या दोन आठवडे आधी बंद लागतात, पण त्या डॉक्टरांना विचारूनच बंद करा. हे कुणी सांगितलं नाही आणि सवयीने रोज सकाळी गोळी घेतली, तर जिवाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

पाचवी पायरी: आधी कुणावर उपचार?

नियम साधा आहे: जो जीवावर आधी उठणार, त्याचा बंदोबस्त आधी. लिम्फोमा सावकाश वाढणारा असेल तर बहुतेक वेळा कार्सिनोमाला पहिला मान मिळतो आणि लिम्फोमावर नुसती नजर ठेवतात. काही करत नाहीत म्हणून घरचे अस्वस्थ होतात; पण नजर ठेवणं हाही उपचारच आहे. लिम्फोमा आक्रमक असेल, उदाहरणार्थ डिफ्यूज लार्ज बी सेल, आणि कार्सिनोमा अगदी सुरुवातीचा असेल, तर किमो आधी. दोन्ही जोरात असतील, रक्तस्राव किंवा आतडं बंद होण्याची भीती असेल, तर दोन्ही गाठी असलेला भाग काढून टाकणं हा एक मार्ग असतो. जठर-आतड्याच्या भिंतीतला आक्रमक लिम्फोमा किमोने झपाट्याने विरघळला तर तिथे भोकही पडू शकतं. म्हणून अशा रुग्णाच्या पहिल्या फेरीत सर्जनना गाफील राहून चालत नाही.

हा निर्णय एकट्या डॉक्टरने घेऊ नये. ट्यूमर बोर्ड, म्हणजे सर्जन, दोन्ही प्रकारचे ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि आमच्यातला एक, अशी बैठक झाली का ते विचारा आणि तिचा लेखी निष्कर्ष मागा. लिम्फोमा बघणारे आणि कार्सिनोमा बघणारे अनेक ठिकाणी वेगळ्या मजल्यावर बसतात, आणि त्यांच्यातला निरोप्या म्हणजे तुम्ही. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे लिम्फोमा, उजवीकडे दुसरा रोग: जात, स्टेज, मार्कर, दिलेलं औषध, तारीख. मी पाहिलेल्या सर्वोत्तम फाइलींपैकी एक एका बारावीतल्या मुलीने आजोबांसाठी केली होती.

त्या रकान्यांच्या खाली एक बेरीज लिहा. डॉक्सोरुबिसिन नावाचं लाल औषध आर-चॉपमध्ये, म्हणजे लिम्फोमाच्या नेहमीच्या औषध-जुळणीत, असतं आणि स्तनाच्या कर्करोगातही. आर-चॉपच्या सहा फेऱ्यांत ते शरीराच्या चौरस मीटरमागे साधारण 300 मिलिग्रॅम होतं. स्तनाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या चार फेऱ्यांत 240. मिळून 540. हृदयासाठी आयुष्यभराची मर्यादा साधारण 450 ते 550 धरतात. दोन रुग्णालयांनी आपापला हिशोब बरोबर केला तरी बेरीज कुणीच केली नाही, असं होऊ शकतं. रेडिएशनचंही तसंच, एकदा शेक दिलेल्या जागी पुन्हा देताना हात आखडता घ्यावा लागतो, म्हणून जुना रेडिएशनचा तक्ता फेकू नका. व्हिनक्रिस्टिन (लिम्फोमाच्या किमोतलं) आणि ऑक्सॅलिप्लॅटिन (जठर-आतड्याच्या कर्करोगाच्या किमोतलं) दोन्ही हातापायांना मुंग्या आणतात; शर्टाची बटणं लावायला त्रास होऊ लागला की लगेच सांगा.

रिटुक्सिमॅब (बी पेशींवर मारा करणारं लिम्फोमाचं औषध) सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, आणि ती एचबीएसएजीवर (सध्याचा संसर्ग दाखवणाऱ्या तपासणीवर) थांबू नये, जुना संसर्ग दाखवणारी अँटी-एचबीसीही करावी. जुना, दबलेला विषाणू या औषधाने जागा होऊन यकृत निकामी करू शकतो.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार घेत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा की मंजुरीच्या अर्जात दोन्ही निदानं आली आहेत का. एकच लिहिलं गेलं तर दुसऱ्याच्या औषधांच्या वेळी धावपळ होते.

उपचार चालू असताना

किमोच्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर घरी क्रोसिन देऊन वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा.

मधल्या स्कॅनमध्ये काही ग्रंथी आटल्या आणि काही तशाच राहिल्या, तर ‘औषध लागू पडत नाही’ असं म्हणण्याआधी तोच प्रश्न विचारायचा. न आटलेली ग्रंथी कदाचित दुसऱ्या रोगाची असेल, ज्यावर हे औषध चालतच नाही. औषध बदलण्याआधी त्या ग्रंथीचा तुकडा घ्यावा. जठर पूर्ण काढलं असेल तर बी१२ची इंजेक्शनं जन्मभर लागतात. अर्धं राहिलं असेल तर त्या अर्ध्यावर दुर्बिणीने नजर ठेवावी लागते, कारण ते अस्तर त्याच आगीत होरपळलेलं असतं.

सुरुवातीच्या त्या काकांचा आतड्याचा रोग परतला नाही. लिम्फोमावर नजर ठेवणं चालू होतं. चार वर्षांनी मानेत एक ग्रंथी आली, वजन उतरलं, संध्याकाळी ताप येऊ लागला. घरात दोन पक्ष पडले, आतड्याचा कॅन्सर परत आला की लिम्फोमा बिथरला. सर्जन तेच होते. ग्रंथी दोन डब्यांत आली. एक फॉर्मालिनची, एक सलाइनची. सलाइनच्या डबीतून टीबी निघाला आणि काकांना सहा महिन्यांची एकेटी सुरू झाली.